यंत्राचे झाकण आणि माणसाचा हात

पोरांच्या हातातील खेळण्याला कसला आला आहे इतिहास, असा प्रश्न कोणीही वडीलधारा माणूस विचारील. लढायांचा इतिहास असतो, राज्यांचा असतो, संतांचा आणि सुधारकांचा असतो. त्यातून हा खेळ पडद्यावरचा, विजेवर चालणारा आणि घरोघर मुलांच्या अभ्यासाचे मातेरे करणारा म्हणून बदनाम झालेला. तथापि आज तलाठ्याच्या कार्यालयापासून बँकेपर्यंत ज्या यंत्रावाचून कोणाचे पान हलत नाही, तो संगणक सामान्य माणसाच्या हाताशी जुळवून घ्यावयास शिकला त्यात या खेळाचा वाटा फार मोठा आहे. आणि हे शिक्षण त्याला दिले ते बहुतांशी रिकाम्या वेळात खटपट करीत बसणाऱ्या हौशी मंडळींनी. हे आमचे म्हणणे पुराव्यानिशी मांडावे आणि त्याच्या उजेडात आजच्या एका वादाकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भाषेत ‘खटपट्या’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. तो निम्मा कौतुकाचा आणि निम्मा तक्रारीचा. घरातले घड्याळ उघडून बसणारा मुलगा खटपट्या असतो. घड्याळ पुन्हा चालू लागले तर तो हुशार ठरतो, न लागले तर वाया गेलेला. आम्ही सांगणार आहोत तो इतिहास अशा खटपट्यांचा आहे, आणि त्याचा आरंभ एका अत्यंत गंभीर जागी होतो.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ब्रुकहेवन ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधन अणुविषयक. वर्षातून काही दिवस ती लोकांना पाहावयास खुली असे. भिंतीवरचे तक्ते आणि जागच्या जागी उभी असलेली उपकरणे पाहून लोक कंटाळून परत जात. उपकरण विभागाचे प्रमुख विल्यम हिगिनबॉथम यांना ही गोष्ट खटकत होती. हे गृहस्थ युद्धकाळात लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या विद्युत् यंत्रणेवर काम केलेले. युद्धानंतर मात्र अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध झटणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या विभागात एक लहानसा संगणक होता आणि त्याच्या माहितीपुस्तकात तोफगोळ्याचा मार्ग किंवा उसळत्या चेंडूचा मार्ग पडद्यावर कसा काढावा, हे दिले होते. हिगिनबॉथम यांनी त्यातला चेंडू उचलला. त्यांचे तंत्रज्ञ रॉबर्ट ड्व्होरॅक यांनी जोडणी केली आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये पाच इंची पडद्याच्या ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ उभा राहिला. आडवी रेषा म्हणजे मैदान, मधली लहान उभी रेषा म्हणजे जाळे, आणि एक उजळ ठिपका म्हणजे चेंडू.

आमच्या दृष्टीने या खेळातील सर्वात महत्त्वाची वस्तू पडद्यावर नव्हती, खेळाडूच्या हातात होती. ॲल्युमिनियमची एक साधी पेटी, तिला एक फिरते बटण आणि एक दाबावयाचे. फिरते बटण चेंडूचा कोन ठरवी, दुसरे दाबले की फटका बसे. संगणक ही वस्तू ज्यांनी जन्मात पाहिली नव्हती अशा शेकडो माणसांनी रांगा लावल्या, पेटी हातात घेतली आणि खेळावयास सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी पडदा मोठा झाला, चंद्रावरच्या वा गुरू ग्रहावरच्या गुरुत्वाकर्षणात चेंडू कसा उसळेल हेही दाखवण्यात आले. पुढे सारे सुटे करून ते भाग दुसऱ्या कामांना लावले गेले. या कल्पनेचे पेटंट हिगिनबॉथम यांनी कधी घेतले नाही.

याच गोष्टीचा दुसरा अध्याय मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत, म्हणजे एम. आय. टी. मध्ये घडला. १९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने आपला ‘पी. डी. पी. १’ हा संगणक या संस्थेला देणगीदाखल दिला. किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर, आणि स्मरणशक्ती अवघ्या चार हजार शहाण्णव शब्दांची. आज खिशातल्या साध्या फोनलाही हसू यावे इतकी ती थोडी. परंतु त्याला एक गोल पडदा होता. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन वीटानेन या तरुणांनी त्यावर अवकाशयुद्धाचा खेळ बेतला, आणि १९६२ च्या आरंभी तो चालू लागला. मध्यभागी सूर्य, त्याच्या ओढीत सापडणारी दोन अवकाशयाने, आणि एकमेकांवर सोडावयाची अस्त्रे. हाच ‘स्पेसवॉर’.

खेळ उत्तम होता. पण खेळणाऱ्यांचे हाल होते. यान फिरवावयाचे, पुढे रेटावयाचे, अस्त्र सोडावयाचे, ही सर्व कामे संगणकाच्या दर्शनी फळीवरील खटक्यांनी करावी लागत. ते खटके बसवले होते एका शांतपणे काम करणाऱ्या तंत्रज्ञासाठी. त्या जागेत चेव चढलेले दोन योद्धे खेटून बसत. कोपरे दुखून येत. पडदा एका बाजूला असल्यामुळे एका खेळाडूला तो नीट दिसे आणि दुसऱ्याला मान वाकडी करावी लागे. घाईत अंगठा चुकला आणि भलताच खटका पडला तर सारा खेळच नाहीसा होई. लाखाच्या यंत्राला माणसाच्या कोपराची कल्पना नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर उपाय कोणी काढला? कंपनीने नव्हे. संस्थेत आगगाडीच्या लहान प्रतिकृती चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. त्यांच्या रुळांच्या पटाखाली टेलिफोनच्या जुन्या रिले, खटके आणि तारा यांचे जंगल पसरलेले असे, आणि ते कसे चालते हे उमगलेली मुलेच पुढे संगणकाकडे वळली. ‘हॅक’ हा शब्द अशा कामाच्या अर्थाने याच मंडळात रुळला. चोरीचा वास त्याला पुष्कळ उशिरा लागला. ॲलन कोटोक आणि बॉब साँडर्स हे या मंडळातले दोघे एके दिवशी आपल्या खोलीकडे गेले, पडीक सामानातून लाकूड, बेकेलाइट आणि खटके निवडले आणि दोन पेट्या तयार केल्या. एक दांडी डावीउजवीकडे केली की यान फिरे. दुसरी मागे ओढली की वेग घेई, पुढे ढकलली की संकटसमयी पडद्यावरून अदृश्य होई. अस्त्र सोडण्याचे बटण त्यांनी मुद्दाम आवाज न करणारे बसवले. कारण ‘टक्’ असा आवाज झाला असता तर प्रतिस्पर्धी सावध झाला असता. मनगट, अंगठा आणि कान यांचा असा विचार जो स्वतः खेळतो आणि स्वतः घडवतो त्यालाच सुचतो. पेटी लांब तारेने जोडलेली असल्यामुळे दोघेही पडद्यासमोर बरोबरीने बसू लागले आणि खेळातला अन्यायही मिटला.

हा खेळ विकला गेला नाही. ज्या ज्या ठिकाणी तसला संगणक होता तेथे तो हातोहात पोचला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्यापैकी काहींनी पुढे त्यावरून धंदा उभारला; पण तो या लेखाचा विषय नव्हे.

येथवर खटपट्यांना संगणक दुसऱ्याचा वापरावा लागत होता, संस्थेचा नाही तर प्रयोगशाळेचा. तो स्वतःच्या मालकीचा होण्याची वेळ १९७५ साली आली. त्या वर्षीच्या जानेवारीच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ या संगणकाचे चित्र झळकले. हा संगणक सुट्या भागांच्या रूपाने सुमारे चारशे डॉलरला टपालाने येई आणि घेणाऱ्याने तो स्वतः सोल्डर करून जोडावयाचा. ५ मार्च १९७५ च्या रात्री कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटार ठेवण्याच्या खोलीत तीसएक माणसे जमली. यंत्राचे वेड एवढीच त्यांची ओळख. त्यांनी स्थापन केलेल्या मंडळाचे नाव ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’, म्हणजे घरच्या घरी संगणक रांधणाऱ्यांचे मंडळ.

आल्टेअरला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. समोर खटके आणि मिणमिणणारे दिवे. याचे करावयाचे काय? मंडळातील स्टीव्ह डॉम्पिअर यांच्या लक्षात आले की शेजारी रेडिओ ठेवला तर या संगणकाच्या गडबडीने त्यात खरखर उमटते, आणि आज्ञांचा क्रम बदलला की खरखरीचा सूर बदलतो. त्यांनी एकेक खटका हलवून आज्ञा भरल्या आणि त्या वसंतातल्या एका सभेत त्या मुक्या यंत्राकडून बीटल्सचे एक गाणे वाजवून घेतले. यंत्राचा जो दोष, त्याचेच वाद्य झाले.

स्टीव्ह वॉझ्नियाक हे याच मंडळातले. त्यांनी आपल्या पहिल्या संगणकाचे नकाशे सभेत वाटले होते. १९७७ साली आलेल्या त्यांच्या ‘ॲपल टू’ या संगणकात रंग होते, ध्वनी होता आणि हातात धरावयाच्या दोन फिरत्या मुठी होत्या. चेंडूने विटांची भिंत फोडण्याचा एक खेळ त्यांनी यापूर्वी अटारी कंपनीसाठी निव्वळ तारा आणि चकत्यांनी रचला होता. तोच आता साध्या ‘बेसिक’ भाषेत लिहिता यावा अशी त्यांची इच्छा होती, आणि त्या इच्छेपोटी संगणकात या सोयी आल्या असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. रंग आणि ध्वनी यांची ही सोय मुळात एका खेळासाठी झाली, हे आमच्या पुष्कळ गंभीर मित्रांना ठाऊक नसते.

त्या मुठीची रचना कळावयास इंजिनीअर असण्याची गरज नाही. आपल्या रेडिओचा आवाज लहानमोठा करणारे फिरते बटण असते, तेच येथे आहे. मूठ फिरवली की विजेच्या वाटेतील अडथळा कमीजास्त होतो. अडथळा जास्त तर पुढचा कंडेन्सर भरावयास वेळ जास्त. संगणक तो वेळ मोजतो आणि शून्य ते दोनशे पंचावन्न यांमधील एक आकडा हाती घेतो. माणसाच्या मनगटाचा पीळ असा आकड्यात उतरतो. १९७८ साली या संगणकाबरोबर जे माहितीपुस्तक मिळे त्यात संपूर्ण विद्युत् नकाशा छापलेला होता. ज्याला दिलेली मूठ पसंत नसेल त्याने बाजारातून भाग आणावेत आणि आपल्या हाताच्या मापाने नवी करावी, अशी ती उघड मुभा होती. अटारीच्या १९७७ च्या घरगुती खेळयंत्राची दांडी तर याहूनही साधी, आत अवघे पाच खटके. तिचे नऊ टोकांचे जोडण पुढे दुसऱ्या अनेक संगणकांनी उचलले, त्यामुळे एकाची दांडी दुसऱ्याला चाले.

मग झाकण बंद केव्हा झाले? या प्रश्नाचे उत्तर देताना न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. १९७५ साली आल्टेअरसाठी लिहिलेल्या बेसिक भाषेची एक फीत हौशी मंडळींच्या हाती पडली, तिच्या नकला झाल्या आणि वाटल्या गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये तिचे एक कर्ते बिल गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून उघड पत्र लिहिले आणि ही चोरी आहे असे स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे खोडून काढता येणारे नव्हते. ज्याने वर्ष खर्ची घालून काही लिहिले त्याला मोबदला मिळावयासच हवा. पुढे १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील खेळयंत्रांचा बाजार कोसळला; कोणीही उठावे आणि कसलाही खेळ विकावा, हे त्याचे एक कारण होते. म्हणून १९८५ साली निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेत आपले यंत्र आणले तेव्हा त्यात पहारेकरी चकती बसवली. खेळाच्या पेटीतली चकती आणि यंत्रातली चकती यांची खूण पटली तरच खेळ चाले. पेट्यांना स्क्रूही असे आले की घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरने निघू नयेत.

धंद्याच्या रक्षणासाठी सुरू झालेला हा पहारा हळूहळू मालकाच्याच दारावर येऊन बसला. सोनी कंपनीचे २००६ सालचे ‘प्लेस्टेशन ३’ हे यंत्र घ्या. त्यात दुसरी कार्यप्रणाली बसवण्याची मुभा कंपनीनेच दिली होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधनशाळेने अशी सुमारे १,७६० यंत्रे जोडून २०१० साली एक महासंगणक उभा केला. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरक्षिततेचे कारण देऊन कंपनीने ही मुभा नव्या सुधारणेबरोबर काढून घेतली. ज्याने पूर्ण किंमत मोजून यंत्र घेतले त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या. मुभा सोडावी, नाही तर कंपनीच्या जाळ्यावर खेळणे सोडावे. विकलेल्या घराची एक खोली विकणाऱ्याने मागाहून येऊन कुलूपबंद करावी, तसा हा प्रकार.

यात कोणाचे काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. बिघडते ते ज्यांचे हात कारखान्याच्या मापात बसत नाहीत त्यांचे. आजचे खेळाचे नियंत्रक दोन्ही हात, दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या धडधाकट आहेत असे गृहीत धरून केलेले असतात. ज्याचा हात युद्धात गेला, ज्याच्या स्नायूंत जन्मतः बळ नाही, त्याने काय करावे? निन्टेन्डोने १९८९ साली हनुवटीने हलवावयाची दांडी आणि फुंकर घालून वा श्वास ओढून चालवावयाची नळी असलेला नियंत्रक विकला होता, हे त्या कंपनीच्या श्रेयाच्या बाजूला नोंदले पाहिजे. परंतु अपंगत्वाचे प्रकार माणसागणिक निराळे. एकाच साच्यातून सर्वांची सोय होत नाही. हे काम खटपट्यांनीच अंगावर घेतले. नियंत्रक उघडावयाचा, आतल्या बटणाच्या दोन टोकांना तारा सोल्डर करावयाच्या आणि त्या बाहेर काढून पायाशी, गुडघ्याशी, गालाशी जेथे हालचाल शिल्लक असेल तेथे मोठा खटका बसवावयाचा.

अमेरिकेत जखमी सैनिकांसाठी असे नियंत्रक करून देणारी ‘वॉरफायटर एंगेज्ड’ नावाची एक संस्था आहे. तिचे काम २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्याच्या दृष्टीस पडले. त्यातून त्या कंपनीत प्रयोग सुरू झाले आणि २०१८ साली खास अपंगांसाठीचा नियंत्रक बाजारात आला. त्याच्या वरच्या अंगाला दोन मोठी बटणे आहेत. पण त्याचे खरे मर्म पाठीमागे आहे. तेथे ओळीने भोके आहेत, साध्या इअरफोनची पिन बसते तसली. अपंगांसाठीच्या खटक्यांना तीच पिन पूर्वीपासून असे, त्यामुळे ज्याच्याजवळ जो खटका असेल तो तेथे लावावा. कंपनीने येथे झाकणाला जाणूनबुजून भोके ठेवली, आणि कोणता हात, कोणता पाय, कोणता खटका हे ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे परत गेला. कोटोक आणि साँडर्स यांच्या लाकडी पेटीशी याचे नाते जवळचे आहे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्णत्वास गेलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक येथल्याच तरुण मंडळींनी घडवला होता, ही गोष्ट विसरू नये. सामान्य घरांत मात्र पडद्यावरचा खेळ पोचला तो १९९० नंतरच्या दशकात, परदेशी यंत्रांच्या स्वस्त नकलांच्या रूपाने. त्यांच्या तारा मानेशी तुटत आणि बटणाखालची काळी रबरी टिकली झिजून जाई. मग गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तार जोडून देई आणि झिजलेल्या टिकलीवर सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा तुकडा चिकटवी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली यांनी किती खटपट्यांना पोसले त्याची मोजदाद नाही. २००५ साली इटलीतील इव्हरेआ येथे जन्मलेली ‘आर्दुइनो’ ही छोटी फळी आज या बाजारांतही मिळते. तिचा एक प्रकार असा आहे की संगणकाने ‘तू कोण’ म्हणून विचारले असता तो ‘मी कळफलक आहे’ असे उत्तर देतो. म्हणजे पत्र्याचा डबा, दोन खिळे आणि ही फळी एवढ्यावर शाळेतला मुलगा आपला नियंत्रक स्वतः करू शकतो.

आणि येथेच तो वाद उभा राहतो, ज्याचा उल्लेख आम्ही प्रारंभी केला. आजच्या नियंत्रकातली अंगठ्याने हलवावयाची दांडी पुष्कळदा काही वर्षांत बिघडते. हात न लावताच पडद्यावरचा खेळाडू चालू लागतो. कारण काय, तर आत तेच जुने फिरते बटण असते, १९५८ च्या पेटीतल्यासारखेच, आणि त्याचा कार्बनचा थर घासून जातो. भाग किरकोळ किमतीचा. अलीकडे हौशी मंडळी त्या जागी चुंबकावर चालणारा, न घासणारा भाग बसवू लागली आहेत. परंतु पेटी डिंकाने चिकटवलेली, स्क्रू अनोळखी, नकाशा गुप्त आणि सुटा भाग विक्रीला नाही, अशी स्थिती असली की माणूस नाइलाजाने संपूर्ण नवा नियंत्रक विकत घेतो आणि जुना कचऱ्यात जातो. फोन, धुलाईयंत्रे आणि शेतीची अवजारे यांचीही हीच कथा आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला असे होत नाही.

आमचा आग्रह थोडक्यात असा. दुसऱ्याने लिहिलेल्या खेळाची चोरून नक्कल करणे वेगळे आणि स्वतः विकत घेतलेली पेटी उघडणे वेगळे. पहिल्याला मनाई असावी, दुसऱ्याला नसावी. आणि पहिल्याच्या भीतीने दुसऱ्याला कुलूप घालणारा कायदा वा करार समाजाच्या हिताचा नव्हे. विकणाऱ्याने नकाशा द्यावा, सुटे भाग वाजवी किमतीत द्यावेत, आणि पेटी साध्या हत्याराने उघडेल अशी करावी. शाळांनीही एक करावे. संगणकाच्या तासाला मुलांना बंद पडलेले एखादे यंत्र, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक दुपार द्यावी. त्यातली निम्मी यंत्रे चालू होणार नाहीत. पण ज्या मुलाने आत काय असते ते एकदा पाहिले, तो पुढे कोणत्याही यंत्रापुढे हात जोडून उभा राहणार नाही. त्याचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतील.